इठाबाईंनी माइकवर घेतलेलं नाव

“नाव सांगा ना आजी. नावाशिवाय कसं पुकारणार?”

“नाव कसं घिऊ बाई? मालक हैत त्ये माझं.”

“अहो, पण हरवलेत ना ते?”

“हारपलं म्हणून काय झालं? मालकच हैत की अजून.”

लाऊडस्पीकर सांभाळणारा रंगनाथ सुतार हसू दाबायला पाठमोरा झाला. माझ्यासमोर उभ्या असलेल्या आजी धनगर वाड्यावरच्या, उंच, काटक. नाव इठाबाई रुपनवर. स्वतःचं नाव त्यांनी ठणठणीत आवाजात सांगितलं, गावाचं सांगितलं, नवऱ्याचं मात्र घ्यायला तयार नाहीत. तांबडा पटका, खांद्यावर घोंगडी, एवढ्यावरच शोधा, असं त्यांचं म्हणणं. त्या दिवशी मळाईच्या डोंगरावर तांबड्या पटक्यांना तोटा नव्हता.

या गोष्टीला आता वीसेक वर्षं होत आली. मी तेव्हा नायब तहसीलदार म्हणून नुकतीच रुजू झाले होते आणि मळाईदेवीच्या चैत्रातल्या यात्रेचा नियंत्रण कक्ष माझ्याकडे होता. नाव भारदस्त, पण कक्ष म्हणजे धर्मशाळेच्या गच्चीवर बांधलेलं पत्र्याचं छप्पर. खाली एक टेबल, दोन वॉकीटॉकी, माइक, पाण्याचा माठ आणि कोपऱ्यात सलाइनच्या नि ओआरएसच्या खोक्यांची उतरंड. धर्मशाळा डोंगराच्या मधोमध असल्यामुळे गच्चीच्या कठड्याशी उभं राहिलं की उतरणीच्या सगळ्या पायऱ्या दिसायच्या. वर देवळाच्या मागच्या दारापासून खाली रस्त्यावरच्या दगडी कमानीपर्यंत.

यात्रेला लाखभर माणूस येतं. आदल्या वर्षापर्यंत चढणारे आणि उतरणारे एकाच वाटेवर एकमेकांना धडकत असत. मी महिनाभर देवस्थानच्या पंचांचा पिच्छा पुरवून पूर्वेच्या पायऱ्या फक्त चढायला आणि पश्चिमेच्या फक्त उतरायला, अशी व्यवस्था करून घेतली होती. पाण्याच्या टाक्या, उन्हासाठी मांडव, प्लॅस्टिकच्या पिशव्या काढून घेणारी स्वयंसेवकांची फळी, सगळं जागच्या जागी होतं. दुपारपर्यंत इतकं सुरळीत चाललं होतं की मला स्वतःचंच कौतुक वाटायला लागलं होतं.

“बरं, नाव नका सांगू,” मी म्हणाले. “बसा इथं सावलीत. रंगनाथ, रुपनवर आजोबा एवढंच पुकार.”

“आमच्या वाड्यावर समदंच रुपनवर हैत,” इठाबाई म्हणाल्या आणि कठड्याला टेकून खाली गर्दीत बघत बसल्या.

तेवढ्यात वॉकीटॉकी खरखरली. खाली कमानीपाशी बंदोबस्ताला असलेले सहायक निरीक्षक तांबवेकर. एरवी शांत माणूस, पण आवाज चढलेला.

“मॅडम, नारळाचा टेम्पो कमानीत अडकलाय. बंदी असताना कुणीतरी आत सोडला. चाकावरचा पाटा तुटलाय, पुढंही जाईना, मागंही येईना. शेजारनं एकेक माणूस कसाबसा निघतोय. वरनं रेटा वाढतोय मॅडम. लवकर काहीतरी करा.”

मी कठड्याशी धावले. दोन्ही बाजूंना पुरुषभर उंचीच्या दगडी भिंती, मधून पायऱ्या, आणि पायऱ्यांवर माणसंच माणसं. कमानीजवळ ती इतकी दाटली होती की मधे काही फट दिसत नव्हती. वरच्यांना यातलं काहीच माहीत नव्हतं. देवीचं दर्शन झालेलं, ऊन तापलेलं, घरी जायची घाई. पुढचा का थांबलाय ते न कळल्यामुळे मागचा ढकलत होता, त्याच्यामागचा त्याला.

मी देवळाकडच्या हवालदारांना वॉकीटॉकीवरून मागचं दार बंद करायला सांगितलं. त्यांनी लगेच केलं. पण जी हजारो माणसं पायऱ्यांवर आलीच होती, त्यांचं काय?

“धोका आहे म्हणून पुकारा,” तांबवेकर ओरडत होते. “मागं फिरा म्हणावं!”

माझा हात माइककडे गेला आणि तिथंच थांबला. धोका म्हटल्यावर कोण कुठं पळेल, याचा नेम नव्हता. एक जण पायरीवर पडला असता, तर त्याच्या अंगावर दहा पडले असते. मी आवाज शक्य तेवढा सरळ ठेवून म्हणाले, “भाविकांना विनंती आहे, कृपया आहात तिथं थांबा. ढकलाढकली करू नका.”

कुणी मानही वर केली नाही. पहाटेपासून कर्णे हेच सांगत होते. ढकलाढकली करू नका, खिसे सांभाळा, लहान मुलांचा हात सोडू नका. त्या आवाजाकडे लक्ष द्यायचं लोकांनी केव्हाच सोडून दिलं होतं. मी पुन्हा सांगितलं, तिसऱ्यांदा सांगितलं. गर्दी एका पायरीनं आणखी खाली दाटली. कमानीकडून एका बाईची किंकाळी आली.

तेव्हा इठाबाई माझ्या शेजारी येऊन उभ्या राहिल्या. माइक चालूच होता.

“आवं बाई, तुमी त्ये ढकलाढकलीचं काय घिऊन बसलाय? माझा न्हवरा हारपलाय त्येचं बोला की आधी!”

चारही कर्ण्यांतून हे वाक्य डोंगरभर गेलं.

पायऱ्यांवर कुठंतरी एकदम हशा पिकला. मग दुसरीकडे. मी बघितलं, माना वर झाल्या होत्या. कर्णा कुठं आहे, कोण बोलतंय, ते बघायला माणसं थबकली होती. जेमतेम दोन श्वास असतील, पण तेवढा वेळ रेटा थांबला.

मी माइक इठाबाईंच्या तोंडापुढं धरला.

“आजी, नवऱ्याचं नाव काय तुमच्या?”

“आत्ताच सांगितलं की. न्हाई घेत म्हनून.”

“मग उखाण्यात घ्या!”

मला आजही ठाऊक नाही, ते कसं सुचलं. पण खालून लगेच कुणीतरी बोंबललं, “नाव घ्या!” बायकांनी ते उचललं. बघता बघता सगळा डोंगर ओरडायला लागला, “नाव घ्या! नाव घ्या!”

इठाबाईंनी माझ्याकडे बघितलं. मग त्या खाली पायऱ्यांकडे वाकल्या आणि बराच वेळ कमानीकडे बघत राहिल्या. पदर डोक्यावर सारखा केला, माइक माझ्या हातातून काढून घेतला आणि म्हणाल्या,

“तव्यावरची भाकर टम्म फुगून आली,
मायाप्पाला हुडकता हुडकता पायताणं झिजून गेली!”

काय हशा उसळला! टाळ्या, शिट्ट्या. उखाणा ऐकून कोण ढकलणार? ज्याला त्याला ऐकायचं होतं.

“मॅडम, वर काय लावलंय तुम्ही?” वॉकीटॉकीतून तांबवेकर.

“रेटा कमी झाला का?” मी विचारलं.

“थांबलाय. वाढत नाही. पण माणसं अजून आवळलेलीच आहेत. वरच्यांना मागं घ्या, नाहीतर इथं कुणीतरी बेशुद्ध पडेल.”

मी माइकवर हात ठेवून इठाबाईंच्या कानाशी लागले. “आजी, वरच्या लोकांना एकेक पायरी मागं चढायला सांगाल? हळूहळू. घाबरवू नका फक्त.”

त्यांनी का म्हणून विचारलं नाही. लगेच सुरू झाल्या. “आवं, वरली मंडळी! फुलांच्या माळा घातलेली! तुमास्नीच बोलतीया. माझं म्हातारं किडकिडीत हाय, खाली चेंगरंल की! सरका जरा वर. येक पायरी. बायामानसांला आधी जागा द्या. हां. त्यो हिरव्या टोपीवाला दादा, तुमी का हालंना? तुमास्नी न्हवरा न्हाई, पर बायकू आसंल की घरी!”

हिरव्या टोपीवाला खरंच होता. भोवतीच्या लोकांनी त्याला हसत हसत वरच्या पायरीवर ओढलं. सगळ्यात वरची रांग एक पायरी चढली, मग तिच्या खालची. रिकामी जागा पायरी पायरीनं खाली सरकताना मला गच्चीवरून दिसत होती.

“आनखी येक पायरी,” इठाबाई म्हणाल्या, “मग दुसरं नाव घेती.”

आणखी एक पायरी मिळाली.

“मळाईच्या डोंगराला पायऱ्या हैत लई,
मायाप्पाच्या डोस्क्याला ध्येनच न्हाई!”

“जागा झाली!” वॉकीटॉकीत तांबवेकरांचा आवाज फुटल्यासारखा आला. “श्वास घेतायत लोक. दोघी चक्कर येऊन पडल्यात, त्यांना भिंतीवरून पलीकडं काढतोय. टेम्पो रिकामा करून ढकलायला पोरं लावलीत. थोडा वेळ द्या. चालू ठेवा मॅडम. चालूच ठेवा.”

मी सुटकेचा श्वास टाकला. तेवढ्यात मागच्या जिन्यावरून तांबड्या पटक्याचा एक म्हातारा गच्चीवर आला. खांद्यावर घोंगडी, हातात उसाच्या रसाचा अर्धा पेला.

“हिथं माझ्या नावानं कोन बोंबलतंय?” तो म्हणाला.

नवरा सापडला हे गर्दीला कळलं असतं, तर गंमत तिथंच संपली असती. सगळे पुन्हा कमानीकडे निघाले असते आणि टेम्पो अजून तिथंच होता. मी ओठांवर बोट ठेवलं. पण आता सगळं इठाबाईंच्या हातात होतं.

त्यांनी मायाप्पांना बघितलं. पटक्यापासून पायापर्यंत एकदा नजर फिरवली. मग तोंड पुन्हा माइककडे वळवलं आणि डोळ्याची पापणी न लववता म्हणाल्या, “काय सांगू बायांनो, अजून पत्ता न्हाई त्येंचा!”

रंगनाथनं कपाळाला हात लावला. मी मायाप्पांना ओआरएसच्या खोक्यावर बसवलं. ते बसले आणि आपण किती हरवलोय ते ऐकायला लागले.

“लगनाच्या दिशी बी आसंच केलं,” इठाबाई सांगत होत्या. “मांडवात समदी वऱ्हाडी जमली, अक्षता वाटून झाल्या, भटजी घसा खाकरतोय, आन नवरदेव कुटं? न्हाईच! माझा बा काठी घिऊन निगाला. तर ह्यो बाबा बाशिंग बांधून शेजारच्या वाड्यावर मेंढ्याची टक्कर बगत हुबा!”

पायऱ्यांवर लोक पोट धरून हसत होते. बापे पायऱ्यांच्या कडेला भिंतीला टेकले होते, बाया पदरानं वारा घेत होत्या.

“खोटं हाय,” मायाप्पा माझ्याकडे वळून कुजबुजले. “टक्कर न्हवती. तितल्या मानसाला मेंढा इकायचा हुता.”

“मग घेतला का?” मी विचारलं.

“घेतला की. तिच्या बापानंच पैकं दिलं.”

इठाबाईंचे कान तिखट होते. “आन मेंढा घिऊनच बोहल्यावर आला!” त्यांनी डोंगराला सांगून टाकलं. “अंतरपाट धरला, पलीकडनं ह्येचं तोंड दिसायच्या आधी मला मेंढ्याचंच तोंड दिसलं! म्या म्हनलं, बया बया, बानं कुनासंगं गाठ घातली?”

तांबवेकरांचा आवाज आला, पण आता त्यातही हसू मिसळलं होतं. “मॅडम, टेम्पो हलतोय. पुढचं चाक कमानीबाहेर आलंय. आणि... मेंढ्याचं पुढं काय झालं ते विचारा. पोरं जोर लावायचं थांबून ऐकतायत, त्यांना काम संपल्यावरच सांगा म्हणावं.”

मी इठाबाईंना विचारलं. त्यांनी मेंढ्याचं पुढचं सांगितलं. मग दिराच्या लग्नातून मायाप्पा कसे नाहीसे झाले ते सांगितलं. मायाप्पांनी मागून कुजबुजत आणखी एक प्रसंग आठवून दिला, तोही त्यांनी घेतला. त्यांच्या बोलण्यात खंड पडत नव्हता. फक्त एक गोष्ट माझ्या ध्यानात आली. त्यांची नजर एकदाही गच्चीवर वळत नव्हती. ती सारखी कमानीपाशीच होती. मला वाटलं, गर्दीकडे बघून बोलत असतील.

शेवटी खालून आरोळी आली, “निघाला! निघाला!” टेम्पो कमानीबाहेर रस्त्याच्या कडेला जाऊन टेकला. तांबवेकरांनी वॉकीटॉकीवर सांगितलं, “वाट मोकळी. पण एकदम सोडू नका. खालनं दहा-दहा जणांना घेतो. वरच्यांना अजून उभं ठेवा.”

मी मायाप्पांना उठवून माइकपाशी नेलं. “आजोबा, आता तुम्ही सापडा.”

त्यांनी घसा साफ केला. “सापडलो जी,” ते नम्रपणे म्हणाले.

त्यावर असा जल्लोष झाला की धर्मशाळेच्या झाडावरची माकडं पळाली. मग मी सांगितलं की आजी-आजोबांना सगळ्यांना जाताना वरून बघायचंय, सगळ्यांनी शिस्तीत, खालच्या रांगेपासून, हळूहळू निघायचं. आणि लोक निघाले. जाताना माना वर करून हात हलवत होते. कुणी विचारत होतं, “आजोबा, मेंढा कुठाय?” पायऱ्या रिकाम्या होत गेल्या, तेव्हा कुठं मी खुर्चीत बसले.

चक्कर आलेल्या दोघी उपचारानंतर चालत घरी गेल्या. एकाचा हात मोडला, काहींना खरचटलं, चपलांचा ढीग पडला. बाकी कुणाला काही झालं नाही. आपण कशातून निघालो, हे बहुतेकांना आजही ठाऊक नसेल. त्यांच्या लेखी त्या वर्षी मळाईला एका म्हातारीनं फार हसवलं होतं.

“आजी,” मी म्हणाले, “तुमचे उपकार झाले. मला आधी नीट सांगताही आलं नाही की खाली काय झालंय.”

“ठावं हुतं मला,” इठाबाई म्हणाल्या. अजून कठड्यापाशीच उभ्या होत्या.

“कसं?”

“कमानीजवळ माझी मालन हुती. लेक. नातीला देवीच्या पायावर घालाया आनली हुती तिनं. पाच महिन्यांची हाय. मगाधरनं मला हितनं त्या पोरीचं पिवळं टोपडं दिसत हुतं. मधीच दिसायचं न्हाई.”

मायाप्पांच्या हातातला पेला तिरका होऊन उरलासुरला रस जमिनीवर सांडला. त्यांनाही हे आत्ताच कळत होतं.

“मला का नाही सांगितलंत?” मी कसंबसं विचारलं.

“सांगून काय झालं असतं? तू पळत खाली गेली असतीस. म्या बी गेली असती. मग हितं कोन बोललं असतं?”

एवढ्यात जिन्यावर पावलं वाजली. मालन वर आली. केस विस्कटलेले, एका हातातल्या बांगड्या फुटलेल्या, पायात चप्पल नाही. कडेवर पिवळ्या टोपड्यातली पोर, रडून रडून लाल झालेली आणि आता हुंदके देत देत सगळ्यांकडे टकामका बघणारी.

“आये,” मालन धापा टाकत म्हणाली, “समद्या जत्रंत बाबाची अब्रू काढलीस की गं! येका पोलिसदादानं पोरीला वर कमानीच्या कट्ट्यावर धरून ठिवली. मला म्हनला, ऐका ऐका, म्हातारी काय भारी बोलतीया. म्या म्हनलं, माझीच आय हाय ती!”

आणि मालन हसायला लागली. हसता हसता रडायला लागली.

इठाबाईंनी पोर तिच्याकडून घेतली. टोपडं काढून डोकं चाचपलं. एकेक हात, एकेक पाय उलटा-सुलटा करून बघितला. मग मांडीवर घेऊन खाली बसल्या. बसल्या कसल्या, पाय दुमडून खालीच आल्या. डोंगराला एवढा वेळ धरून ठेवणारी ती बाई, पण आता तिच्या तोंडून एक शब्द फुटेना.

“बोल की गं आता,” मायाप्पा हळूच म्हणाले आणि तिच्या पाठीवर हात ठेवून शेजारी बसले. चारचौघांत असा हात ठेवायची त्यांच्याकडे रीत नसावी. मालननं बघून न बघितल्यासारखं केलं.

मी माठातून तांब्या भरून इठाबाईंच्या हातात दिला. त्यांनी तो तोंडाला लावला आणि न थांबता पीत राहिल्या. अर्धा झाल्यावर थांबल्या, नाक मुरडलं.

“कसला गं वास ह्या पान्याला?”

“औषधाचा आहे आजी. रोगराई नको म्हणून सगळ्या टाक्यांत घातलंय.”

त्यांनी तांब्यात वाकून बघितलं, जरा विचार केला आणि तांब्या नवऱ्यापुढं केला.

“घ्या,” त्या म्हणाल्या. “सरकारी तीर्थ हाय.”

मायाप्पांनी पटका सारखा केला, उजव्या हाताचा तळवा पुढं धरला, डोळे मिटून घोट घेतला आणि ओला हात डोक्यावरून फिरवला. मग तळवा पुन्हा पुढं केला.